ग्राही-विकृती व हॉर्मोनजन्य रोग

कोशिकेच्या पटलावर अथवा अंतर्भागात असणाऱ्या ज्या प्रथिनाशी विशिष्ट हॉर्मोन संयोग पावते, त्यास ग्राही म्हणतात. ग्राहीच्या किंवा त्याचा संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनाच्या जीनमध्ये उत्परिवर्तन (एकाएकी होणारा आनुवंशिक बदल) झाल्यास, ग्रंथी निर्दोष असूनही हॉर्मोनाचा अभाव वा अतिरेक असल्यासारखी लक्षणे उद्‌भवतात. अशा रोगांत हॉर्मोनाचे अंतःक्षेपण निष्फळ ठरू शकते, तर कधी निरपराध ग्रंथीवरच शस्त्रक्रिया केली जाते.

इतिहास : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अंतःस्रावी रोगांचे कारण ग्रंथीच्या अल्पस्रावात किंवा अतिस्रावात शोधले जाई. या दृष्टीस पहिला मोठा धक्का बॉस्टन येथील फुलर ऑल्ब्राइट यांनी दिला. १९४२ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. रक्तातील कॅल्शियम कमी व फॉस्फेट जास्त, म्हणजे परावटू ग्रंथीच्या न्यूनतेचेच हे चित्र होते. त्याच्या जोडीला बुटका बांधा, वाटोळा चेहरा व तळहाताच्या आखूड अस्थी ही लक्षणे होती. तथापि परावटू ग्रंथीचा अर्क टोचल्यावर मूत्रातील फॉस्फेट अपेक्षेप्रमाणे वाढेना. तेव्हा दोष ग्रंथीत नसून वृक्कासारख्या लक्ष्य-अवयवात आहे, असे अनुमान ऑल्ब्राइट यांनी काढले व रोगास ‘छद्म परावटू-न्यूनता’ असे नाव दिले. दाखला म्हणून त्यांनी सीब्राइट बँटम या कोंबड्यांच्या जातीकडे बोट दाखविले. तीतील नरास कोंबडीसारखी पिसे येतात. गंमत अशी की, या नराची त्वचा पुं-हॉर्मोनास दाद देत नाही हा तर्क पुढे चुकीचा ठरला. त्वचेत पुं-हॉर्मोनाचे स्त्री-हॉर्मोनात रूपांतर होत असल्याने तसे घडते. दाखला फसला, पण कल्पना टिकली.

ऑल्ब्राइट यांच्या काळी ग्राही हे केवळ गृहीतक होते. अर्ल सदरलँड यांनी १९५०–६० या दशकात चक्रीय एएमपी हा कोशिकांतर्गत संदेशवाहक शोधून काढला (नोबेल पारितोषिक १९७१). त्याच्या आधारे चेस, मेल्सन व ऑरबाख यांनी १९६९ मध्ये दाखविले की, परावटू हॉर्मोन दिल्यावर निरोगी माणसाच्या मूत्रात चक्रीय एएमपी झपाट्याने वाढते, या रुग्णांत मात्र वाढत नाही. संदेश उंबरठ्यावरच अडत होता. मार्टिन रॉडबेल व ॲल्फ्रेड गिलमन यांनी ग्राही व एंझाइम यांमधील दुवा असलेली जी-प्रथिने उजेडात आणली (नोबेल पारितोषिक १९९४). १९८० मध्ये अनेक रुग्णांच्या तांबड्या कोशिकांत या प्रथिनाची क्रियाशीलता सुमारे निम्मी आढळली आणि १९९० मध्ये जीनमधील उत्परिवर्तने सापडली. म्हणजे ज्या रोगाने या विचाराचा पाया घातला, त्यात ग्राही स्वतः निर्दोष असून बिघाड दुव्यात निघाला. हा दोष मातेकडून आला तरच हॉर्मोनास प्रतिरोध दिसतो. पित्याकडून आल्यास केवळ शारीरिक ठेवण बदलते. वृक्काच्या काही भागांत मुख्यत्वे मातेकडील प्रतच कार्य करते, हे त्याचे कारण होय.

प्रत्यक्ष ग्राहीच्या दोषाचे ठळक उदाहरण इझ्राएलमधील झ्वी लारोन व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये वर्णिलेल्या खुजेपणाचे आहे. या मुलांच्या रक्तात वृद्धी हॉर्मोन विपुल असूनही वाढ खुंटलेली होती. १९८९ मध्ये ग्राहीच्या जीनमधील लोप सिद्ध झाले. वृद्धी हॉर्मोन देऊन येथे काहीच साधत नाही. त्याच्या प्रेरणेने निर्माण होणारा इन्शुलिनसदृश वृद्धिघटक द्यावा लागतो.

उत्परिवर्तनाने ग्राही नेहमी निकामीच होतो असे नाही; हॉर्मोनावाचूनही तो अखंड चालू राहू शकतो. १९९३ मध्ये अवटू ग्रंथीच्या अतिस्रावी गाठींत व मुलग्यांच्या एका आनुवंशिक अकाली यौवनात अशी उत्परिवर्तने आढळली. त्याच वर्षी कॅल्शियम-संवेदी ग्राहीतील दोष हा एका सौम्य, कौटुंबिक कॅल्शियमाधिक्याचे कारण असल्याचे दिसून आले. पूर्वी यांपैकी कित्येकांच्या परावटू ग्रंथी अर्बुदाच्या संशयावरून काढल्या गेल्या व तरीही कॅल्शियम उतरले नाही. रोग बहुधा निरुपद्रवी असल्याने ती शस्त्रक्रियाच अनावश्यक होती.

भारतीय उपखंडाशी निगडित उदाहरण १९९६ मध्ये पुढे आले. वृद्धी हॉर्मोन स्रवविणाऱ्या हॉर्मोनाचा ग्राही पोष ग्रंथीत असतो. एका भारतीय मुस्लिम कुटुंबातील खुज्या व्यक्तींत त्याच्या जीनमधील ७२ व्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी विरामचिन्ह आल्याचे आढळले. पुढे सिंधमधील खुज्यांतही तेच उत्परिवर्तन सापडले. येथे दोष पोष ग्रंथीतच असल्याने लारोन यांच्या रुग्णांहून वेगळे घडते : बालपणी वृद्धी हॉर्मोन दिल्यास ही मुले वाढतात.