कागदातली पणजी

पूर्वी हेळवी बैल घेऊन दारात यायचा, चोपडी उघडून पिढ्या घडाघडा वाचायचा. आता मोबाईलवर ‘आपले अभिलेख’मध्ये गाव आन् सर्व्हे नंबर टाकला की जुने फेरफार निघतात. 2023 साली कुणबी नोंदी शोधताना मोडी दप्तरं चाळली गेली, कित्येक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. आमच्या फेरफारात पणजोबा सापडले, त्यांचे वडीलही. पणजी मात्र दिसली ती नवरा मेल्यावर, वारस म्हणून. फेरफार जमिनीचा, ज्याच्या नावावर जमीन, त्याचंच नाव. पणजीचं माहेर कुठल्याच कागदात नव्हतं, ते थोरल्या चुलतीनं सांगितलं. तुमच्याही घरात म्हातारं माणूस असेल, तर आधी त्याला विचारा. मोबाईल नंतर उघडा.