बलरेषांपासून समीकरणांपर्यंत

निसर्गाचा प्रश्न गणिताच्या भाषेंत मांडणें ही पदार्थविज्ञानांतील मोठी अवघड विद्या होय. तयार समीकरण सोडविणें पुस्तकावरून शिकतां येतें. परंतु तें उभें कसें करावें, हें सहसा कोणी सांगत नाहीं. या दृष्टीनें फॅराडे व मॅक्सवेल या दोन शास्त्रज्ञांचा इतिहास फार बोधप्रद आहे.

मायकेल फॅराडे (१७९१–१८६७) हा एका लोहाराचा मुलगा. पुस्तकें बांधण्याच्या दुकानांत उमेदवारी करीत असतां तेथील पुस्तकें वाचून त्यानें ज्ञान मिळविलें; उच्च गणिताचें शिक्षण त्यास लाभलें नाहीं. १८३१ सालीं त्यानें दाखविलें कीं, तारेच्या वेटोळ्यांत लोहचुंबक आंतबाहेर हालविला असतां तारेंत वीज वाहूं लागते, आणि चुंबक स्थिर होतांच ती थांबते. चुंबकाभोवतीं लोखंडाचा कीस रेषा धरून बसतो, त्यावरून बलरेषांची कल्पना त्याच्या मनांत दृढ झाली. अनेक गणितज्ञांना मात्र ती शास्त्रापेक्षां चित्रच अधिक वाटे.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल हा त्याच १८३१ सालीं एडिंबरो येथें जन्मला. फॅराडेचे प्रयोग पुरे वाचल्याखेरीज विजेच्या गणितास हात लावावयाचा नाहीं, असा त्यानें निश्चय केला होता. बलरेषांवरील १८५५–५६ च्या निबंधांत त्यानें त्या रेषांच्या जागीं द्रव वाहणाऱ्या नळ्या कल्पिल्या. नळी अरुंद होते तेथें द्रवाचा वेग वाढतो. त्याचप्रमाणें रेषा दाट होतात तेथें बल वाढतें. अशा रीतीनें चित्राचें माप घेतां येऊं लागलें.

वरील प्रयोगच पाहा. वेटोळ्यांतून जाणाऱ्या रेषा २ सेकंदांत १० वरून ४ वर आल्या, तर बदलाचा वेग सेकंदास ३ झाला. तोच बदल १ सेकंदांत घडला, तर वेग ६ होतो व विजेची प्रेरणा दुप्पट होते. 'चुंबक हालतांना वीज वाहते' या वाक्यांतील 'हालणें' म्हणजे रेषांच्या संख्येंतील बदलाचा वेग, हें उमगलें कीं समीकरण जवळजवळ सिद्धच झालें. उत्पन्न होणारी वीज त्या बदलास विरोध करते, एवढी गोष्ट एक ऋणचिन्ह सांगतें.

१८५७ सालीं निबंध वाचून फॅराडेनें मॅक्सवेलला कळविलें कीं, एवढें गणित पाहून प्रथम भयच वाटलें, पण विषय त्यापुढें टिकून राहिला याचें नवल वाटलें. त्याच वर्षीं त्यानें असेंही विचारलें कीं, गणितज्ञांना आपले निष्कर्ष साध्या भाषेंत सांगतां येणार नाहींत काय?

पुढें मॅक्सवेलनें विजेच्या मापांवरून विद्युच्चुंबकीय लहरींचा वेग काढला. तो सेकंदास सुमारें ३,१०,७४० किलोमीटर आला. फिझोनें १८४९ सालीं मोजलेला प्रकाशाचा वेग ३,१४,८५८ होता. यावरून प्रकाशही त्याच जातीची लहर असावी, असें अनुमान त्यानें १८६२ सालीं मांडलें. १८७९ सालीं तो वारला. हर्ट्‌झनें अशा लहरी प्रयोगानें उत्पन्न केल्या त्या १८८७–८८ मध्यें. रेडिओवरील भाषण घरोघर पोंचतें तें त्याच लहरींवर.

विद्यार्थ्यानें यांतून घ्यावयाचा धडा असा: प्रश्न समोर येतांच सूत्र शोधूं नये. काय बदलतें, कशामुळें बदलतें व किती वेगानें, हें आधीं साध्या शब्दांत लिहावें. आणि उत्तर आल्यावर तेंही पुन्हां साध्या शब्दांत सांगून पाहावें. फॅराडेनें गणितज्ञांपाशीं एवढेंच मागितलें होतें.