मेण येते पाण्याच्याच वाटेने

अळूच्या पानावर पाणी ठरत नाही ते त्यावरच्या मेणामुळे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते मेण पेशीतून निघून पानाच्या पृष्ठभागावर पोचते कसे, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे अडून राहिला. १८७१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी मेणाचे दाणे, कांड्या, पापुद्रे अशी वर्गवारी लावली. पुढे मेणासाठी सूक्ष्म नलिका असाव्यात असा तर्क चालला. १९६७ मध्ये पांढऱ्या क्लोव्हरच्या पानात त्या दिसल्याचा दावाही झाला. बहुतेक वनस्पतींत मात्र अशा नलिका सापडल्या नाहीत. मग वाट कोणती?

नाइनहुइस, कोख आणि बार्टलॉट या संशोधकांनी २००१ मध्ये दिलेले उत्तर मला या कथेचा गाभा वाटते: पाण्याला हटवणारे मेण पाणीच बाहेर आणते. पानाच्या बाह्य पापुद्र्यातून, म्हणजे क्युटिकलमधून, थोडे पाणी सतत झिरपून उडत असते. त्याच्याबरोबर मेणाचे रेणू ओढले जातात. गवती चहाचे तेल वाफेबरोबर निघते, तसेच काहीसे. पानापासून सुटे केलेल्या क्युटिकलमधून पाणी उडू दिले, तर मेण पलीकडे जाऊन तिथे स्फटिक उगवतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. त्या स्फटिकांना आकार देण्यासाठी जिवंत पेशी लागतेच असे नाही. विद्रावकात विरघळवलेले मेण पुन्हा मूळच्याच आकारात जमते, हे जेफ्री, बेकर आणि हॉलोवे यांनी १९७५ मध्येच दाखवले होते.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे. कोरड्या हवेत मेण वाढते आणि दमट हवेत घटते, हे खरे. २००६ च्या एका प्रयोगात कोबीवर्गीय पीक, निलगिरी आणि नॅस्टर्शियम ९८ टक्के आर्द्रतेत वाढवल्यावर पानांवर मेण कमी भरले. पण कोरडेपणा जाणवून झाडच जास्त मेण बनवत असेल, तर पाण्याला वाहक मानायचे कारण काय? झाड तसे करते, यात शंका नाही. मात्र सुट्या क्युटिकलमध्ये मेण बनवणारी पेशीच नसते, आणि तरीही मेण पुढे सरकते. दुसरा आक्षेप प्रथिनांचा. २००४ मध्ये अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीत सीईआर५ हे मेण बाहेर ढकलणारे प्रथिन सापडले. पण ते असते पेशीच्या पटलात. क्युटिकलची शेवटची मजल त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. पेशीच्या दारापर्यंत प्रथिन, त्यापुढे पाणी, अशी वाटणी मला सर्वांत सयुक्तिक वाटते. नुसत्या विसरणानेही ही मजल पार होऊ शकते, हे मान्य. पण पाण्याचा ओघ चालू असताना मेण त्यापासून अलिप्त राहील, हे पटत नाही.

तासगावचे बेदाणा उत्पादक मेण-पाण्याच्या याच नात्याची दुसरी बाजू वापरतात. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात द्राक्षे बुडवली की मण्यावरच्या मेणाची घडी विस्कटते आणि आतले पाणी झपाट्याने उडते. पावसाचे थेंबही मेण झिजवतात, हे बेकर आणि हंट यांनी १९८६ मध्ये कृत्रिम पाऊस पाडून दाखवले. म्हणजे मेण आणणारे पाणी आणि मेण झिजवणारेही पाणीच. म्हणूनच दमट हरितगृहातल्या, कमी मेणाच्या पानावर फवारा किती चिकटला यावरून उघड्या रानातल्या कोबीला फवारा चिकटवणारे स्टिकर किती लागेल ते ठरवणे चूक आहे. पान कोणत्या हवेत वाढले, ते आधी विचारायला हवे.