बामणघळ

बामणघळ : महाराष्ट्र राज्याच्या रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात, हेदवी गावाच्या समुद्रकाठी असलेली अरुंद खडकाळ घळ. गुहागरच्या दक्षिणेस सु. 20 ते 25 किमी. अंतरावर, उमामहेश्वर मंदिरामागील कातळावरून घळीकडे पायी जाता येते. जवळ जाईपर्यंत ती दिसत नाही. भरतीच्या वेळी तिचा आवाज मात्र आधी ऐकू येतो.

उत्तरेस वाशिष्ठी नदीची दाभोळ खाडी व दक्षिणेस शास्त्री नदीची जयगड खाडी यांच्या दरम्यानचा हा किनारा सलग वालुकामय नाही. जांभा खडकाने आच्छादलेले सडे, म्हणजे माथ्यावर सपाट व उघडी असलेली पठारे, जेथे समुद्राला भिडतात, तेथे खालच्या काळ्या बेसॉल्टचे कडे आणि त्यांच्या पायथ्याशी लाटांनी कापून काढलेले कातळी ओटे आढळतात. अशा दोन कड्यांमधल्या बाकात वेळणेश्वर, हेदवी येथल्यासारख्या पुळणी साचलेल्या आहेत. सु. 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेला हा बेसॉल्ट कठीण असला, तरी लाव्हा थंड होताना त्यात उभ्या भेगा पडलेल्या असतात. लाट अशा भेगेत शिरली की आतली हवा दाबली जाते, लाट मागे हटताच ती हवा झटक्याने प्रसरण पावते, आणि या सततच्या दाबाने भेगेच्या कडांचे तुकडे निखळतात. पाण्याबरोबर येणारी वाळू व गोटे तळ घासतात. बाजूचा खडक टिकून राहतो व भेग तेवढी आत सरकत जाते, त्यामुळे रुंदीच्या मानाने खोल व लांब अशी सागरी घळ तयार होते. बामणघळ हा या प्रक्रियेचा कोकण किनाऱ्यावरील एक ठळक नमुना होय. तोंडाशी शिरलेले पाणी पुढे जागा उरली नाही म्हणजे वर उसळते, आणि भर उधाणात हा फवारा माणसाच्या उंचीच्या कित्येक पट वर जातो.

स्थळाचे खरे वैशिष्ट्य भरती-ओहोटीच्या वेळेच्या गणितात आहे, आणि प्रवासवर्णनांत नेमके तेच सहसा गाळले जाते. या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीला उधाण, तर अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीला भांग म्हणतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते, असा किनाऱ्यावरील जुना ठोकताळा आहे. त्यानुसार पौर्णिमेला सव्वाअकरा, तर अष्टमीला सहा येतात. म्हणजेच मोठे उधाण दुपारच्या आसपास भरते आणि त्याच दिवशी संध्याकाळी ओहोटीला कातळी ओटे उघडे पडतात. मग त्यांवरची कालवे काढता येतात. भांगाच्या दिवशी आलेल्या प्रवाशाला घळीत नुसते खळखळणारे पाणी दिसते व तो निराश होऊन परततो.

भूमध्य समुद्राशी तुलना केल्यास भरती-ओहोटीचे हे महत्त्व अधिक स्पष्ट होते. फ्रान्समधील मार्सेलजवळ चुनखडीच्या कड्यांत ‘कालांक’ नावाची अरुंद आखाते आहेत. समुद्रपातळी वाढून बुडालेल्या जुन्या दऱ्या असे त्यांचे स्वरूप असून 2012 मध्ये त्या परिसराला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथे भरती-ओहोटीतील फरक अत्यल्प असल्यामुळे ही खडकाळ आखाते पोहण्यासाठी वापरली जातात. बामणघळीत उतरणे हा मात्र आत्मघात ठरेल. कातळावरील शेवाळ निसरडे असते, काही लाटांनंतर एखादी अनपेक्षित मोठी लाट येते, आणि पावसाळ्यात नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे कडेला उभे राहणेही धोक्याचे असते. घळीत एक ब्राह्मण पडला म्हणून हे नाव पडले, अशी दंतकथा सांगतात. तिचा ऐतिहासिक आधार काही नसला, तरी इशारा म्हणून ती उपयोगी आहे.

हेदवीची ख्याती मुख्यतः टेकडीवरील दशभुज लक्ष्मीगणेशाच्या मंदिरामुळे आहे. मंदिर पेशवेकालीन मानले जाते. केळकरस्वामी नावाच्या गणेशभक्ताला पेशव्यांकडून मिळालेल्या द्रव्यातून ते उभे राहिले, अशी परंपरा आहे. मूर्ती शुभ्र पाषाणाची असून तो पाषाण काश्मीरचा असल्याचे सांगितले जाते. दहा हातांत चक्र, त्रिशूळ, धनुष्य, गदा, महाळुंग, कमळ, पाश, नीलकमळ, दात व धान्याची लोंबी, सोंडेत अमृतकुंभ आणि डाव्या मांडीवर सिद्धलक्ष्मी अशी ही योजना तंत्रग्रंथांतील महागणपतीच्या ध्यानाशी बऱ्याच अंशी जुळते. कोकणातील बहुसंख्य गणेशमूर्ती चतुर्भुज असल्याने ती अभ्यासकांच्या दृष्टीने विशेष होय. मंदिराचा जीर्णोद्धार 1956 मध्ये झाला. माघी गणेशजयंतीचा उत्सव मोठा असतो. किनाऱ्यावरील उमामहेश्वराचे देऊळ त्यामानाने साधे आहे. शेजारच्या वेळणेश्वर येथील शिव हे अनेक कोकणस्थ घराण्यांचे कुलदैवत आहे.

आंबा, नारळ, सुपारी, भात व मासेमारी ही येथील उपजीविकेची साधने. रोजगारासाठी मुंबईस जाणाऱ्यांचे प्रमाण पूर्वीपासून मोठे असून जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मधील 16,96,777 वरून 2011 मध्ये 16,15,069 पर्यंत घटली.

चिपळूण हे कोकण रेल्वेवरील सोयीचे स्थानक असून तेथून हेदवी सु. 50 किमी. आहे. रत्नागिरीकडून येणाऱ्यांना जयगड-तवसाळ फेरीबोटीने खाडी ओलांडता येते.