अस्थिशोषण, दुभत्या जनावरांतील

हाडातील खनिजे विरघळून कॅल्शियम व फॉस्फरस रक्तात परत येण्याची क्रिया. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. रक्तातील पातळी घटली की परावटू ग्रंथीच्या संप्रेरकामुळे ऑस्टिओक्लास्ट पेशी कामाला लागतात आणि आम्ल व विकरे सोडून हाड पोखरतात.

व्याल्यावर या क्रियेची कसोटी लागते. गाईच्या एक लिटर चिकातून सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते. संपूर्ण रक्तद्रवात ते जेमतेम ३ ग्रॅम असते. हाडांतून वेळेत पुरवठा न झाल्यास दुग्धज्वर होतो. जनावराचे कान थंड पडतात, ते मान कुशीकडे वळवून बसते व उठत नाही. वयस्क जनावरांत ऑस्टिओक्लास्ट कमी असल्याने तिसऱ्या वेतापासून धोका वाढतो.

कोल्हापूर जिल्ह्यात दूधधंदा मोठा आहे. ऊसतोडीच्या हंगामात तिथल्या गोठ्यांत वाढे (उसाचे हिरवे शेंडे) घालतात. त्यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, आतड्यातील शोषण घटते व हाडांवर भार येतो. म्हणून वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडतात, जोडीला द्विदल चारा व खनिज मिश्रण देतात. गाभणकाळाच्या अखेरीस मात्र कॅल्शियमचा अतिरेक टाळतात, अन्यथा परावटू ग्रंथी सुस्तावते.

अस्थिशोषणाच्या अभ्यासासाठी रक्तातील कॅल्शियम व हाडातून सुटलेले कोलॅजन प्रथिनाचे तुकडे तसेच लघवीतील हायड्रॉक्सिप्रोलीन मोजतात; संशोधनात बरगडीचा सूक्ष्म नमुनाही तपासतात.