मोजक्या शब्दांची शिस्त : इंग्रजी वाक्यशुद्धीचा इतिहास

इंग्रजीच्या शालेय प्रश्नपत्रिकेत, आणि पुढे स्पर्धा परीक्षांतही, एक प्रश्न वारंवार भेटतो. एकच आशय सांगणारी चार वाक्ये दिलेली असतात. त्यांतील दोन-तीन व्याकरणदृष्ट्या निर्दोष असतात. तरीही उत्तर एकच असते, ते म्हणजे सर्वांत स्पष्ट आणि आटोपशीर वाक्य. मराठी माध्यमाचा विद्यार्थी येथे अडखळतो तो पुष्कळदा व्याकरणामुळे नव्हे. लांबलचक, भारदस्त वाक्य म्हणजेच उत्तम इंग्रजी, हा समज घरीदारी इतका रुजलेला असतो की साधे वाक्य निवडताना त्याचा हात कचरतो. खुद्द इंग्रजी भाषकांनीच या समजाशी दीर्घकाळ झुंज दिली आहे.

१६६० साली लंडनमध्ये रॉयल सोसायटी स्थापन झाली. तिचा इतिहास टॉमस स्प्रॅट यांनी १६६७ साली प्रसिद्ध केला. अलंकारांचा फुलोरा टाळून, गणिताच्या नेमकेपणाने, कारागीर व व्यापारी बोलतात तशा भाषेत लिहावे, असा सभासदांचा आग्रह असल्याचे त्यांनी नोंदवले आहे. त्यामागे व्यवहार होता. एकाने लिहिलेला प्रयोग दुसऱ्याला करून पाहता आला पाहिजे, तर वर्णनात संदिग्धता चालत नाही.

तरीही लॅटिन वळणाच्या जड शब्दांची प्रतिष्ठा ओसरली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तिला आव्हान दिले ते एका माजी शिक्षकाने. हेन्री वॉटसन फाउलर यांनी सेडबर्ग येथील शाळेत सुमारे सतरा वर्षे अध्यापन केले होते. बंधू फ्रान्सिस यांच्यासह त्यांनी लिहिलेला ‘द किंग्ज इंग्लिश’ हा ग्रंथ १९०६ साली आला. अपरिचित शब्दापेक्षा परिचित, अमूर्तापेक्षा मूर्त, लांबापेक्षा आखूड आणि शब्दांच्या वळशापेक्षा एकच नेमका शब्द पसंत करावा, ही शिकवण त्याच्या आरंभीच आढळते. फ्रान्सिस १९१८ साली निवर्तले. हेन्रींनी एकट्याने काम चालू ठेवले आणि १९२६ साली प्रसिद्ध झालेला आपला ‘डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज’ हा कोश बंधूच्या स्मृतीस अर्पण केला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ साली विद्यार्थ्यांसाठी ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ ही छोटी पुस्तिका छापली. अनावश्यक शब्द गाळावेत, हा तिच्यातील नियम पुढे सर्वतोमुखी झाला.

या शिस्तीची खरी कसोटी युद्धकाळात लागली. ९ ऑगस्ट १९४० रोजी, ब्रिटनवर हवाई हल्ले होत असताना, पंतप्रधान चर्चिल यांनी सहकाऱ्यांना संक्षेपाविषयी एक टिपण धाडले. अहवाल आखूड असावेत, मुद्दे छोट्या परिच्छेदांत यावेत, तपशील परिशिष्टात जावा आणि पोकळ शब्दसमूह टाळावेत, असे त्यात बजावले होते. युद्धानंतर विमा, निवृत्तिवेतन, करआकारणी यांची सरकारी पत्रे सामान्य घरांत पोहोचू लागली. पत्र न समजल्याने हक्क हुकला, तर दोष नागरिकाचा कसा म्हणावा? अर्थखात्याच्या विनंतीवरून ज्येष्ठ प्रशासक अर्नेस्ट गॉवर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक लिहिले. ते १९४८ साली निघाले. त्यापूर्वी दोन वर्षे, बिहारमधील मोतिहारी येथे जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांनी एका निबंधात दाखवून दिले होते की धूसर भाषा सत्य झाकण्याच्याही कामी येते.

भारतात इंग्रजी आली ती मुख्यतः कचेरी आणि न्यायालय यांच्या वाटेने. अर्ज, खलिते आणि दस्तऐवज हेच अनेकांचे पहिले इंग्रजी वाचन. साहजिकच त्यांतील वळणे आदर्श ठरली. साहेब गेले, पण ‘प्लीज फाइंड एन्क्लोज्ड हियरविथ’ राहिले. दुसरीकडे, रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाने भारतीय शाळांना वाक्यांचे संयोजन व रूपांतर यांचे धडे दिले. एकच आशय निरनिराळ्या रचनांत मांडण्याचा तो सराव आजच्या वाक्यशुद्धीच्या प्रश्नाचा पायाच होय.

ही निवड कशी करावी, हे उदाहरणांवरून स्पष्ट होते. ‘ड्यू टु द फॅक्ट दॅट’ या पाच शब्दांचे काम ‘बिकॉज’ हा एक शब्द करतो. ‘रिटर्न बॅक’ मधील ‘बॅक’ आणि ‘रिपीट अगेन’ मधील ‘अगेन’ निव्वळ भार आहेत, कारण त्यांचा अर्थ क्रियापदातच आहे. मात्र आखूड ते नेहमीच उत्तम, असेही नाही. ‘राम टोल्ड श्याम दॅट ही हॅड फेल्ड’ हे वाक्य छोटे आहे. पण नापास कोण झाला, राम की श्याम? येथे नाव पुन्हा घ्यावे लागले, तरी घ्यावे. आधी स्पष्टता, मग संक्षेप, हाच क्रम योग्य.

ही दृष्टी भारतीय परंपरेलाही परकी नाही. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषेचे व्याकरण बांधले. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, असे परंपरेने गमतीने म्हटले आहे. तरीही सूत्रांचा अर्थ उलगडण्यासाठी वृत्ती आणि भाष्ये रचावी लागली, हेही विसरून चालणार नाही.

मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला आपले इंग्रजी साधे आहे, याचा संकोच वाटतो. पालकांनाही कधीकधी वाटतो. स्प्रॅटपासून गॉवर्सपर्यंतचा इतिहास पाहता त्या संकोचाला आधार उरत नाही. मुलाने काळ, वचन आणि शब्दक्रम सांभाळून, आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे ते ओळखून साधे वाक्य लिहिले असेल, तर ते खोडून त्या जागी भारदस्त शब्द घालण्याचे कारण नाही. त्याचे ते वाक्यच उत्तम इंग्रजी होय.