पित्तातून निघालेला यकृताचा रक्षक

१९२१ च्या उन्हाळ्यात टोरोंटो विद्यापीठात बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क सिद्ध केला आणि मधुमेह्यांना जणू पुनर्जन्म लाभला. इन्शुलिनची ही कथा सर्वश्रुत आहे. तिचे एक उपाख्यान मात्र क्वचितच सांगितले जाते.

स्वादुपिंड काढून टाकलेले कुत्रे इन्शुलिनच्या आधाराने जगू लागले खरे. परंतु काही महिन्यांनी ते खंगू लागले, दगावू लागले. रक्तातील साखर तर आटोक्यात होती. मग मरणाचे कारण काय? शवविच्छेदनात उत्तर दिसले : यकृत फुगलेले, पिवळट, मेदाने लडबडलेले. अन्नात कच्चे स्वादुपिंड मिसळताच ही विकृती टळे. तेव्हा या ग्रंथीत आणखी एखादे संप्रेरक दडले असावे, अशी शंका येणे साहजिक होते. पण अंड्याच्या बलकात असणाऱ्या लेसिथिननेही तोच गुण येतो, असे आढळले. १९३२ मध्ये बेस्ट, हर्शी आणि हंट्समन यांनी उंदरांवर प्रयोग करून लेसिथिनमधील खरा कर्ता घटक दाखवून दिला. तो म्हणजे कोलीन.

हा पदार्थ नवा नव्हता. जर्मन रसायनज्ञ स्ट्रेकर यांनी तो पित्तातून वेगळा केला होता आणि १८६२ मध्ये पित्तवाचक ग्रीक शब्दावरून त्याचे नामकरण केले होते. सत्तर वर्षे हे नाव ग्रंथांतून पडून होते. यकृतातील त्याचे कार्य कोणास उमगले नव्हते.

ते कार्य असे. मेद पाण्यात विरघळत नाही. म्हणून यकृत त्याला विशिष्ट वेष्टनात बांधून रक्तावाटे धाडते. ते वेष्टन घडविण्यास कोलीन लागते. कोठारात धान्य आहे, पण भरावयास पोती नाहीत, अशी कोलीनवाचून यकृताची गत होते.

या शोधाने मोठी आशा पल्लवित झाली. विसाव्या शतकाच्या मध्यास यकृत आकसण्याच्या व्याधीवर कोलीन देऊन पाहण्यात आले. फळ मात्र निराशाजनक निघाले. कारण उघड आहे. त्या उंदरांचे दुखणे अभावातून आले होते. मद्याने वा अन्य कारणाने जर्जर झालेल्या यकृताचे दुखणे निराळे.

तरीही मनुष्याला कोलीन लागतेच. १९९८ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने त्याला आवश्यक पोषकद्रव्य मानून पुरुषांस दररोज ५५० व स्त्रियांस ४२५ मिलिग्रॅम हे पुरेसे प्रमाण ठरविले. एका अंड्यात सुमारे १५० मिलिग्रॅम असते. सोयाबीन, मासे, दूध यांतूनही ते मिळते.

आज यकृतरक्षक म्हणून मिरविणाऱ्या कुप्या दुकानोदुकानी दिसतात. त्या विकत घेताना टोरोंटोच्या त्या मुक्या प्राण्यांचे स्मरण ठेवावे. उणे असेल ते भरून काढणे ही पोषणाची थोरवी आहे. जेथे उणे नाही, तेथे तेच द्रव्य औषध ठरेल, याची हमी कोणी द्यावी?